भाऊसाहेबांच्या डोळ्याची उंची

"मॅडम, हा खड्डा बघा," असं म्हणून बाबर सरांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

परदेशातला कुठलासा रस्ता होता. रस्त्याच्या मधोमध भलामोठा खड्डा पडलेला दिसत होता आणि एक गोरी बाई त्याच्या काठावर दोन्ही हात पसरून पडायचं नाटक करत होती.

"रस्ता खचलाय," मी म्हटलं.

"खचला नाही ओ! खडूनं काढलाय. रस्ता सपाट आहे." बाबर सर असे खूश होते, जणू तो खडू त्यांनीच आणून दिला होता. "आपल्याला भाऊसाहेबांच्या एकसष्टीला असंच पाहिजे. रांगोळीत."

"खड्डा?"

"काय मॅडम तुम्ही! खड्डा कशाला? संस्थेची नवी बिल्डिंग. मैदानात रांगोळी काढायची, पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की बिल्डिंग उभीच आहे. भाऊसाहेबांनी स्वतः हा व्हिडिओ मला पाठवलाय. खाली अंगठा पण टाकलाय."

बाबर सर आमचे मुख्याध्यापक. भाऊसाहेब खोकले की हे पाणी घेऊन उभे, भाऊसाहेब हसले की विनोद कळायच्या आत हे हसून मोकळे. शिक्षणाशी त्यांचा संबंध घंटेपुरता, आणि ती घंटाही शिपाई वाजवायचा. भाऊसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. सांगलीपासून तासाभरावरच्या आमच्या गावात त्यांच्या शाळा होत्या, कॉलेज होतं, आणि एक नवी बिल्डिंग होती जी कुठंच नव्हती. फ्लेक्सवर मात्र ती कित्येक वर्षं दिमाखात उभी होती. दरवर्षी फ्लेक्स नवा व्हायचा आणि बिल्डिंगचा एकेक मजला वाढायचा.

"सर, मला हे जमेल असं वाटत नाही."

बाबर सरांनी दरवाजाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "कुंभोजकर मॅडम, त्या दिवशी स्टेजवर भाऊसाहेबांच्या हस्ते तुम्हाला कायमची ऑर्डर द्यायचं चाललंय. मी शब्द टाकलाय. फक्त बिल्डिंग उभी राहिली पाहिजे."

मी तेव्हा त्या शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवत होते. तासिका तत्त्वावर म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचेच पैसे, आणि तेही येतील तेव्हा येतील. टिपणीस बाई निवृत्त झाल्यापासून कलाशिक्षकाची जागा रिकामी होती आणि ती रिकामी ठेवून माझ्याकडून काम करून घेणं संस्थेला परवडत होतं. नोकरीसाठी माझी वयाची अट त्या वर्षी संपत होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. बाबर सरांना हे चांगलं ठाऊक होतं.

"जमेल," मी म्हटलं.

खरी गंमत पुढंच आहे. आमच्या डिप्लोमाला यथार्थदर्शन, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, नावाचा अख्खा पेपर होता. जवळची वस्तू मोठी का दिसते, लांबची लहान का होते, रूळ दूर जाऊन एकमेकांना का मिळतात, हे कागदावर उतरवायचं शास्त्र. त्या पेपरात मला उत्तम मार्क होते आणि मला यथार्थदर्शन अजिबात येत नव्हतं. हे चमत्कारिक वाटत असेल तर तुम्ही आमच्या कॉलेजात शिकलेले नाही. तिथं सगळा विषय एका गाइडवर चालायचा. गाइडात एक स्टूल, एक जिना आणि झाकण उघडलेली एक पेटी होती, आणि परीक्षेला त्यातलंच काहीतरी यायचं. आम्ही स्टूल मिलिमीटरसकट पाठ केलं होतं. छापताना कधीतरी त्या स्टुलाचा मागचा एक पाय आखूड छापला गेला होता. आमच्या सरांनी तो आखूड काढला, आम्ही आखूड काढला, तपासणाऱ्यांनी आखूड बघूनच मार्क दिले. एका मुलानं तो पाय पुरता काढला होता, त्याचे मार्क कापले.

तेच गाइड मी माळ्यावरून काढलं. सगळं वाचून झालं तरी स्टूल असं का दिसतं याबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

मग मोबाईलवर शोधायला लागले. एक पोरगा होता, तो अर्धा वेळ नुसता 'दोस्तो' म्हणायचा आणि उरलेल्या अर्ध्या वेळात त्याचा हात इतका भरभर चालायचा की डोळ्यांना घेरी यावी. शेवटी 'देखा, कितना आसान' म्हणून तो मलाच अंगठा दाखवायचा. दुसरा एक साहेब सुरेख शहरं काढायचा, पण पट्टीनं कागदावर दोन टिंबं ठेवायचा आणि चालू पडायचा. ती टिंबं तिथंच का, हे त्यानं कधी सांगितलं नाही. विचारायला गेलं तर खाली हजारभर लोक 'अमेझिंग' म्हणून गेलेले. जिल्ह्याच्या ग्रंथालयात या विषयावरचं एक पुस्तक होतं म्हणे, पण ते ज्या कपाटात होतं त्याची किल्ली ज्यांच्याकडे होती ते लग्नाला गेले होते, आणि ते लग्न काही संपेना.

शेवटी सांगलीला एका मोठ्या चित्रकारांच्या रविवारच्या वर्गाला गेले. मोठे म्हणजे केस मोठे. त्यांनी आम्हाला सतरंजीवर बसवून डोळे मिटायला लावले आणि पोकळी अनुभवायला सांगितली.

"सर, मला पर्स्पेक्टिव्ह शिकायचं आहे," मी डोळे उघडून म्हटलं.

"पर्स्पेक्टिव्ह आधी आत असावं लागतं."

"आत आहे हो सर. मला ते मैदानात काढायचं आहे."

"तुमच्यात घाई फार आहे," ते दुःखानं म्हणाले. त्यांच्या पाठीमागं त्यांचंच एक भलंमोठं चित्र टांगलं होतं. त्यात घाटाच्या पायऱ्या एकीकडं चालल्या होत्या आणि देऊळ दुसरीकडं. मी चप्पल घालून निघाले.

आता राहिल्या टिपणीस बाई. त्यांच्याकडे मी सगळ्यांत शेवटी गेले, कारण गावातलं कुणीच त्यांच्याकडे आपणहून जात नसे. चाळीस वर्षं आमच्या शाळेत त्यांनी चित्रकला शिकवली होती. चित्र चुकलं की त्या ते वर्गाच्या खिडकीतून बाहेर टाकायच्या. फाडायच्या नाहीत. फाडण्याइतकी मेहनत असल्या चित्रावर कशाला घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. बाई खोटं बोलत नाहीत, निदान चित्राबद्दल तरी, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. खुद्द भाऊसाहेब त्यांच्या वर्गात होते आणि त्यांचा नारळ खिडकीबाहेर गेला होता. तो नारळ आहे की बटाटा, असं बाईंनी भर वर्गात विचारलं होतं.

मी सगळं सांगितलं. बाईंनी खुर्चीतून न उठता ऐकलं.

"तुमच्याकडे पुस्तक आहे का, बाई?"

"चांगली चार आहेत. देणार नाही."

"का?"

"डिप्लोमा केलायस ना तू? मग पुस्तक पाठ करशील." त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक बघितलं. "कोण बघणार आहे ते?"

"सगळं गाव."

"सगळ्या गावाला दिसत नसतं ते, कुंभोजकर. एका जागेवरून दिसतं. एकाच माणसाला. तो कोण?"

"भाऊसाहेब."

"म्हणजे दौलत," बाई म्हणाल्या. "त्याला कागदावरची सरळ रेघ दिसत नव्हती. आता मैदानावरची बिल्डिंग दिसणार."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला आपल्या खिडकीशी बसवलं. काचेवर स्केचपेननं समोरचं घर गिरवायचं. एक डोळा बंद, हनुवटी टेकलेली, डोकं हलवायचं नाही. हनुवटी टेकायला बाईंनी स्टुलावर जी चळत रचून दिली ती पुस्तकांची होती. तीच चार पुस्तकं! माझी हनुवटी पंधरा दिवस जगातल्या उत्तम पर्स्पेक्टिव्हवर टेकलेली होती आणि मला त्यांतलं एकही उघडायची परवानगी नव्हती.

"डोकं हललं. पूस."

"नाही हललं, बाई."

"समोरच्या जिन्याची तिसरी पायरी चौथीच्या पोटात शिरलीय. डोकं हलल्याशिवाय ती शिरली का? पूस."

मी पुसायचे आणि पुन्हा काढायचे. राग यायचा, पण तो राग सांगलीच्या सतरंजीवर आला तसला नव्हता. हळूहळू मला ते दिसायला लागलं. मी रेघ काढत नव्हते, रेघ आधीच काचेवर येऊन बसली होती आणि माझा डोळा ज्या जागी होता त्या जागेनंच ती तिथं आणली होती. आठ सेमिस्टरांत जे कुणी सांगितलं नाही ते एका फुटकळ खिडकीत कळलं. कॉलेजच्या फीचा विचार करून माझं पित्त खवळलं.

एके दिवशी बाई काच बघून 'हं' म्हणाल्या. मग मागच्या अंगणात त्यांनी एक काठी पुरली, तिच्यावर खिळा ठोकला, खिळ्याला सुतळी बांधली. थोड्या अंतरावर बुटाचं खोकं उभं केलं.

"हा खिळा म्हणजे बघणाऱ्याचा डोळा. सुतळी खोक्याच्या कोपऱ्याला लावून तशीच पुढं जमिनीपर्यंत ने. जिथं टेकेल तिथं खूण कर. सगळ्या कोपऱ्यांच्या खुणा जोड. मग खोकं उचल. त्या खिळ्याशी डोळा ठेवलास तर खोकं अजून तिथंच दिसेल."

दिसलं. मी जमिनीवर उकिडवी बसून, एक डोळा मिटून, नसलेलं खोकं बघत राहिले.

"एवढंच आहे," बाई म्हणाल्या. "याचे क्लास घेतात लोक. आता जा आणि दौलतच्या डोळ्याची उंची घेऊन ये. बसलेल्या दौलतच्या."

बाबर सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना घाम फुटला. "अध्यक्षांना टेप लावायची? अहो, माणूस काय म्हणेल?"

"मग बिल्डिंग पडेल."

बिल्डिंग पडेल म्हटल्यावर ते आले. भाऊसाहेब बंगल्याच्या व्हरांड्यात बसले होते. मी जमिनीपासून त्यांच्या डोळ्यापर्यंत टेप धरली. ते टेपकडं, माझ्याकडं आणि बाबर सरांकडं आळीपाळीनं बघायला लागले.

"माप कशाचं घेताय, बाबर?"

"सरप्राइज आहे साहेब."

भाऊसाहेबांनी सदऱ्याची कॉलर नीट केली. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक लाजरं हसू पसरत गेलं. "पुतळ्याचं काय रं? आरं, जित्या मान्साचा पुतळा करू नये म्हंत्यात." आणि असं म्हणता म्हणता त्यांनी आपणहून मान वळवून बाजूचा चेहरा माझ्यासमोर धरला. "हितनं बी घ्या की मग. नाक नीट आलं पायजे."

मी बाबर सरांकडे बघितलं. बाबर सर म्हणाले, "आता तुम्ही ओळखलंतच म्हटल्यावर आम्ही काय बोलणार, साहेब!"

मी निमूटपणे अध्यक्षांच्या नाकाचं माप घेतलं. परत येताना मी विचारलं, "सर, पुतळा कुठून आणणार तुम्ही?"

"त्या दिवशी बिल्डिंग बघून विसरतील ते," बाबर सर म्हणाले. हा माणूस आमच्या शाळेचं नियोजन बघायचा.

मांडववाल्यानं भाऊसाहेबांसाठी लाल मखमलीची, सोनेरी सिंह असलेली महाराजा खुर्ची आणली होती. ती कुठं ठेवायची ते मी खडूनं आखून दिलं आणि हलवलीत तर बघा, असा दमही दिला. खुर्चीच्या बैठकीची उंची मोजून हिशेब जुळवला, खिळा ठोकलेली काठी तिथं रोवली, पुठ्ठ्याची बिल्डिंग उभी केली आणि आदला सगळा दिवस सुतळी ताणून खुणा करण्यात आणि रात्र रांगोळी भरण्यात घालवली. बिल्डिंगच्या पायाशी रांगोळी हातभर रुंद होती आणि गच्चीपाशी ती पार मैदानाच्या टोकाकडं पसरत गेली होती. जवळून बघणाऱ्याला ते काहीतरी विचित्र, ताणलेलं, मोडकं वाटलं असतं. आमचे विज्ञानाचे मास्तर येऊन बघून गेले आणि "मॅडम, थोडी बिघडलीय का?" असं विचारून गेले.

सकाळी कुणी यायच्या आत मी त्या महाराजा खुर्चीत जाऊन बसले. समोर बिल्डिंग उभी होती. पायऱ्या, खांब, खिडक्या, गच्चीवर झेंडा. हात लावून बघावा इतकी उभी. मला रडू आलं, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही. जन्मात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट पाठ न करता, कळून काढली होती. शिवाय संस्थेला इतकी वर्षं जी बिल्डिंग उभी करता आली नव्हती ती मी दीड दिवसात उभी केली होती.

कार्यक्रम सुरू व्हायला आणि आमदारांची गाडी आत यायला एकच गाठ पडली. त्यांना बोलावलं होतं, पण ते येतील असं खुद्द भाऊसाहेबांनाही वाटलं नव्हतं. मग जे व्हायचं तेच झालं. भाऊसाहेबांनी त्यांचा हात धरून त्यांना महाराजा खुर्चीत बसवलं आणि स्वतः डाव्या अंगाला, चांगलं चारपाच हात लांब, एका प्लास्टिकच्या खुर्चीत हात जोडून बसले. ज्या एका जागेवरून बिल्डिंग उभी दिसत होती तिथं बसून आमदारांनी मान खाली घातली आणि मोबाईल बघायला सुरुवात केली. भाषणापुरते उठले, शिक्षणाच्या गंगेबद्दल बोलले, पुन्हा बसून मोबाईल बघितला आणि दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले. त्यांनी रांगोळीकडं एकदासुद्धा बघितलं नाही.

भाऊसाहेब मात्र सगळा वेळ रांगोळीच बघत होते. बाजूनं बघितलं की असली बिल्डिंग बघणाऱ्याच्या दिशेनं कलते. भाऊसाहेब हळूहळू खुर्चीत एका कुशीला सरकत चालले होते. आमदार गेले तसे ते बाबर सरांकडं वळले. त्यांच्यापुढचा माईक चालू होता.

"ही काय हाय, बाबर?"

"बिल्डिंग, साहेब. आपली नवी."

"आरं, मग पडायलीय की माझ्या अंगावर!"

सगळ्या मांडवात ते घुमलं. मागं बसलेल्या पोरांनी जो हशा पिकवला तो थांबेना. भाऊसाहेबांचा चेहरा तांबडा झाला. "आन् पुतळा कुठाय?" त्यांनी विचारलं. हेही माईकनं ऐकवलं.

मी पुढं झाले. "साहेब, तुम्ही त्या मोठ्या खुर्चीत या. ती तुमचीच जागा आहे. मी तुमच्या डोळ्याची उंची घेतली होती ती त्यासाठीच. तिथून बिल्डिंग सरळ दिसेल. आत्ता तुमची जागा चुकलीय."



"मॅडम!" बाबर सर ओरडले. "साहेब बसतात ती जागा चुकत नसते!"

"मला बसाय शिकिवती व्हय?" भाऊसाहेब म्हणाले. "माझ्या एकसष्टीला माझीच बिल्डिंग माझ्या अंगावर पाडून? बाबर, ती ऑर्डर दे हिकडं."

बाबर सरांनी खिशातला लिफाफा काढून त्यांच्या हातात दिला आणि माझ्या कानाशी आले. "चुकलं म्हणा. एक शब्द. अहो, काय जातंय तुमचं? अजून देतील ते."

खरंच, काय जात होतं माझं? तीन पावलं चालून त्या खुर्चीत बसलं असतं की झालं असतं. पण ती तीन पावलं तो माणूस चालणार नव्हता, आणि सगळा गाव त्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीलाच योग्य जागा म्हणणार होता. उभा जन्म मी चुकीचं काढून पास होत आले होते. पहिल्यांदा बरोबर काढलं आणि त्यालाच चुकलं म्हणू?

"रांगोळी बरोबर आहे," मी म्हटलं. "मी चुकलं म्हणणार नाही."

भाऊसाहेबांनी लिफाफा दोन्ही हातांच्या चिमटीत धरला. फाडणार, तेवढ्यात त्यांची नजर पहिल्या रांगेत गेली. निवृत्त शिक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा होता, त्यासाठी टिपणीस बाई येऊन बसल्या होत्या.

"थांबा. बाईंना इचारू," भाऊसाहेब म्हणाले. "बाई गावात कुनाला भीत न्हाईत. माझ्या तोंडावर माझं वाभाडं काढल्यात त्यांनी. बाई, तुम्ही सांगा. ही बरुबर हाय का चूक?"

मला हायसं वाटलं. आता बाई बोलतील आणि या सगळ्या मूर्खांच्या थोबाडीत बसेल. नोकरी गेली तरी चालेल, पण हे एकदा भर मांडवात ऐकायला मिळू दे, असं मला वाटलं.

बाई काठी टेकत उठल्या. रांगोळीच्या कडेपर्यंत आल्या. महाराजा खुर्चीकडं गेल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग भाऊसाहेबांच्या चिमटीतल्या लिफाफ्याकडं बघितलं.

"चूक आहे," बाई म्हणाल्या. "मुळातच चुकलीय."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना.

"पण चूक हिची नाही, दौलत. माझी आहे. हिला मी शिकवलं. वय झालं, काही आठवत नाही आता. ही बिचारी मी सांगितलं तसं करत गेली."

"बाई..." मी तोंड उघडलं. बाईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं आणि मी तोंड मिटलं. त्यांच्या वर्गातल्या पोरांचं काय होत असेल ते मला तेव्हा कळलं.

भाऊसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शाळेत असल्यापासून त्यांचं आणि बाईंचं एकदाही एकमत झालं नव्हतं. आता झालं होतं, तेही माईकवर. "बगा!" ते गर्जले. "मी म्हनलं का न्हाय? बाई म्हंत्यात चूक, म्हंजी चूक!" आणि मग विजयाच्या भरात त्यांना उदार व्हायची हुक्की आली. "जाऊ द्या हो बाई, म्हातारपनी हुतंय आसं. पोरीचा काय दोष? हिकडं ये गं. ही घे तुझी ऑर्डर."

टाळ्या वाजल्या. पहिली टाळी बाबर सरांची. फोटो निघाला. मग जेवणासाठी सगळा गाव उठला आणि बिल्डिंगवरून चालत पंगतीकडं गेला. बाईंनी शाल घेतली, नारळ घेतला आणि न जेवता घरी गेल्या.

आज मी त्याच शाळेत कायम आहे. बाबर सर आदर्श मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. भाऊसाहेबांचा पुतळा आवारात बसवलाय, नाक बरं आलंय. नवी बिल्डिंग अजूनही फ्लेक्सवरच आहे आणि आता तिला लिफ्ट पण दाखवतात. या कुणाबद्दलच मला काही वाटत नाही. वाटतं ते त्या दुपारबद्दल.

हातात ऑर्डर घेऊन मी तडक बाईंच्या घरी गेले होते. बाई शालीची घडी घालत होत्या.

"बस," त्या म्हणाल्या.

"मी बसायला आलेली नाही. तुम्ही खोटं का बोललात?"

"तुला नोकरी हवी होती की दौलतची शाबासकी?"

"मला तुमची हवी होती! जन्मभर कुणाच्या चुकीच्या चित्राला बरोबर म्हटलं नाहीत आणि आज माझं बरोबर होतं त्याला चूक म्हणालात. त्या माणसासमोर!"

"ज्याला कळण्याची थोडी तरी आशा होती त्याला मी नेहमी खरंच सांगितलं. दौलतला खरं सांगून काय झालं असतं? तो शहाणा झाला असता? तू घरी बसली असतीस, एवढंच."

"निदान खुर्चीत बसून एकदा बघायचं तरी!" माझा आवाज फाटला. "पंधरा दिवस माझ्याकडून पुसून घेतलंत. एवढी रांगोळी काढली, आणि तुम्ही ती जागेवरून बघितलीसुद्धा नाहीत. न बघताच चूक म्हणून मोकळ्या झालात."

बाईंनी शाल बाजूला ठेवली. खिडकीतून चित्र टाकायच्या आधी त्या ज्या नजरेनं पोरांकडं बघायच्या म्हणतात, तशा माझ्याकडं बघायला लागल्या.

"कशाला बघायचं?" त्या म्हणाल्या. "तुझं डोकं हलायचं थांबलं होतं. बरोबरच असणार होती ती. म्हणून तर चूक म्हणता आलं. जराशी जरी शंका असती ना, कुंभोजकर, तर जीव गेला असता तरी मी चूक म्हटलं नसतं. आधी बघितलं असतं."

मी ऑर्डर पर्समध्ये टाकली आणि खाली बसले.